इस्त्रीच्या टेबलाखालचं पाणी

ट्रेसरबाईंना लिफ्टची भीती वाटायची, म्हणून त्या रोज चार मजले चढून कचेरीत यायच्या. जिन्याचीही वाटायची, पण कठडा धरून चाललं की ती जरा आटोक्यात राहायची. फोन वाजला की त्या दचकायच्या. घरातून निघताना गॅस बंद केल्याची तीनदा खात्री करायच्या आणि तरी कोपऱ्यावरून एकदा परत यायच्या. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या, आणि बदललेल्या रस्त्यावरही कुत्रं निघालं तर कुणीतरी येईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता. तो म्हणायचा, "आमच्या घरी भीती ठोक भावात मिळते, किरकोळ नाही."

पाणीखात्याच्या कचेरीत त्या अनुरेखक होत्या, म्हणजे ट्रेसर. इंजिनियर लोकांनी पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि बाईंनी त्यावर पारदर्शक कापड ताणून शाईने तीच रेघ पुन्हा ओढायची. थेंब सांडला तर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायचा आणि नखाने घोटायचा, की तिथे डाग होता हे कुणाच्या बापाला कळत नसे. दिवसभर काळीज धडधडत असलेली ही बाई, हातात पेन आलं की दगडासारखी स्थिर व्हायची. हे काम करता करता तिची एकोणीस वर्षं झाली होती.

गावाला लागणाऱ्या पाण्यातलं एक तृतीयांश पाणी एका जुन्या बोगद्यातून यायचं. टेकडीतल्या झऱ्यापासून बाजारामागच्या हौदापर्यंत, सगळं जमिनीखालून. तो कुणी खोदला, केव्हा खोदला, याचा कागद नव्हता. तो कुठून कसा जातो याचाही नव्हता. खात्याच्या नकाशावर टेकडीपासून हौदापर्यंत एक सरळ तुटक रेघ होती आणि तिच्या शेजारी लिहिलेलं होतं, 'अंदाजे'. दर दोन-तीन वर्षांनी नकाशा नवा व्हायचा आणि बाई ती तुटक रेघ इमानाने पुन्हा ओढायच्या.

पण त्यांनी स्वतःच्या मनाने एक उद्योग चालवला होता. लोकांची तक्रारीची पत्रं फायलीला लागण्याआधी सगळ्या टेबलांवरून फिरत. वर्षाकाठी त्यात एखादं पत्र असं असायचं: 'आमच्या फरशीखालून पाणी वाहण्याचा आवाज येतो, तरी पाहणी व्हावी.' पाहणी कधीच व्हायची नाही, कारण त्या जागी खात्याची नळाची लाइनच नसायची. पत्रावर 'खात्याचा संबंध नाही' असा शेरा पडायचा. बाई मात्र त्या घराच्या जागी आपल्या नकाशावर पेन्सिलीने बारीकशी फुली मारायच्या. एकोणीस वर्षांत सतरा फुल्या झाल्या होत्या, आणि त्यातली एकही त्या तुटक रेघेवर नव्हती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हौदात येणारं पाणी निम्म्यावर आलं. झऱ्याशी बघितलं तर तिथे पाणी भरपूर होतं. मधेच कुठेतरी ते जिरत होतं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोन धट्टेकट्टे कामगार हौदाच्या बाजूने आत सोडले. एकशे चाळीस मीटरवर छताचा एक मोठा दगड खाली बसला होता आणि त्याच्याखाली जेमतेम दीड वीत फट उरली होती. पहिल्याने त्यात डोकं घातलं आणि तो खांद्याशी अडकला. दुसऱ्याने त्याला पाय धरून ओढून काढलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "साहेब, वाटलं तर मला नोकरीवरून काढा."

तेव्हा साहेबांना आपली आत्या आठवली.

आत्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. अंगाने काठीसारख्या आणि आवाजाने पहाडी. तरुणपणी त्यांनी जमिनीखालच्या गुहा पालथ्या घातल्या होत्या. गुहा शोधणाऱ्या मंडळाने सुरुवातीला बायकांना फक्त दोरखंड वाहायला नेलं. मग आत्यांनी आणखी तिघी गाठल्या, स्वतःचे दोर विकत आणले, आणि जिथून पुरुषांची तुकडी 'पुढे वाट नाही' असं लिहून परतली होती, तिथून पुढे त्या चौघींनी पाऊण मैल नवी गुहा शोधली. वर्तमानपत्रात बातमी आली, 'चार गृहिणींचे धाडस'. चौघींपैकी एक दातांची डॉक्टर होती आणि एकीचं तर लग्नही झालेलं नव्हतं. आत्या हे अजून रागाने सांगायच्या.

त्या कचेरीत आल्या आणि थेट ट्रेसरबाईंच्या टेबलाशी येऊन नकाशावर वाकल्या.

"ह्या फुल्यांची काय भानगड आहे?"

बाईंना चोरी पकडल्यासारखं झालं. "चुकून... म्हणजे, आत्ता पुसते मी."

"पुसाल तर खबरदार! कशाच्या आहेत ते सांगा."

बाईंनी चाचरत सांगितलं. आत्यांनी बोट एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर नेलं, तिथून तिसरीवर. बोटाचा मार्ग वाकडातिकडा झाला, पण कुठे तुटला नाही.

"ह्या येतील माझ्याबरोबर," आत्यांनी पुतण्याला सांगितलं. "मोजायला दोन माणसं लागतात. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने लिहायचं."

"आत्या, अगं त्या लिफ्टमध्येसुद्धा बसत नाहीत!"

"मला शूर माणूस नकोय रे. दोन शूर माणसं मी दोराला बांधून वर काढली आहेत. मला आकडा न चुकवणारं माणूस पाहिजे. आणि त्या फटीतून जाईल असं. ह्यांचं वजन किती असेल?"

आता इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. बाईंना ते कळत होतं. पण साहेबांसमोर तोंड उघडून 'नाही' म्हणायचं म्हणजे साहेब बघणार, बाकीच्या टेबलांवरचे सगळे बघणार, मग कारण सांगावं लागणार. त्यांची मान आपोआप हलली, आणि ती वरखाली हलली.

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "नको म्हण ना मग!"

"तुम्ही सांगा ना येऊन साहेबांना."

"मी? मला भीती वाटते तुझ्या साहेबांची."

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. "कुठे जायचंय हिला?"

"बोगद्यात!" नवरा ओरडला.

"भोपळ्यात?"

"बोगद्यात, आई! जमिनीखाली! पाण्याच्या!"

सासूबाईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायला बाईच उठल्या. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी नऊला त्या हौदाच्या कडेला उभ्या होत्या. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कमरेला दोर. गळ्यात एक खरबरीत प्लास्टिकची पाटी होती, कारण तिच्यावर ओल्यातही पेन्सिल उमटते. त्यांनी आधीच दोनदा ओकारी काढली होती. साहेब, दोन्ही कामगार आणि पहारेकरी असे सगळे बघत होते. परत फिरायची लाज आणि आत जायची भीती यांच्यामध्ये बाई चेचल्या जात होत्या. तेवढ्यात आत्यांनी दोराला हिसका दिला आणि त्या आत ओढल्या गेल्या.

आत पहिल्यांदा जाणवला तो वास. ओल्या पाटीचा असतो तसा, पण शंभरपट. पाणी गुडघाभर, आणि असं गार की पोटऱ्यांत सुया टोचाव्यात. छत डोक्याला लागत होतं. मागचं उजेडाचं भोक आधी ताटाएवढं होतं, मग वाटीएवढं, मग बटणाएवढं झालं, आणि वळणावर गेलंच.

"वीस," आत्या पुढून ओरडल्या.

"वीस," बाईंनी म्हटलं. आवाज आपला वाटेना. त्यांनी होकायंत्र धरलं, दिशा वाचली, लिहिली. बोटं थरथरत होती, पण पाटीवर उमटलेला आकडा सरळ होता. त्यांना त्याचंच नवल वाटलं.

फटीपाशी आत्या उताण्या झाल्या आणि पाण्यात पाठ टेकून, पायांनी रेटत आत शिरल्या. त्यांचे बूट दिसेनासे झाले. मग पलीकडून आवाज आला, "या!"

बाई उताण्या झाल्या. पाणी कानात गेलं आणि जगातला सगळा आवाज बंद झाला. दगड नाकापासून चार बोटांवर होता. मग दोन बोटांवर आला. मग नाकाला लागला. छाती दगडाला भिडली आणि बाईंनी घाबरून जोरात श्वास घेतला. छाती फुगली आणि त्या पाचरीसारख्या अडकून बसल्या. ना पुढे, ना मागे. त्यांनी किंचाळायचा प्रयत्न केला, पण किंचाळायला जागा नव्हती. आता आपण इथेच मरणार, आणि आपलं मढं काढायलाही कुणी मावणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

त्यांच्या हेल्मेटवर टकटक झाली. आत्यांचा हात होता. पाण्यातून, लांबून आल्यासारखा आवाज आला: "श्वास सोडा! घेऊ नका, सोडा! सगळा!"

बाईंनी सोडला. छाती खाली बसली. आत्यांनी दंडाला धरून ओढलं आणि त्या पलीकडे निघाल्या, चिखलात भरलेल्या आणि हुंदके देत.

"रडा हवं तेवढं," आत्या म्हणाल्या. "फक्त पाटी ओली... नाही, पाटीला काही होत नाही. रडा."

त्या दिवशी त्या दोनशे तीस मीटरपर्यंत गेल्या. परतताना तीच फट पुन्हा होती, हे बाईंच्या लक्षात आधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी पाटीवरचे आकडे कागदावर मांडले. बोगदा तुटक रेघेवर नव्हताच. हौदापासून निघाल्यावर तो डावीकडे वळत होता, त्यांच्या पहिल्या फुलीखालून जात होता, मग दुसऱ्या. बाईंनी पेन उचललं आणि नकाशावर दोन बोटं लांबीची अखंड रेघ ओढली. ही रेघ दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीवरून ओढलेली नव्हती. आयुष्यातली अशी पहिलीच. त्या कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसल्या. म्हणूनच पुढच्या आठवड्यात आत्यांनी विचारलं तेव्हाही त्यांची मान वरखालीच हलली.

दुसऱ्या खेपेला त्या चारशे दहा मीटरवर पोचल्या. तिसऱ्या खेपेला घात झाला.

पाचशे पंच्याऐंशी मीटरवर बोगदा रुंद होत होता आणि भिंतीला लागून एक गाळाने माखलेला कट्टा होता. आत्या त्यावर चढल्या आणि काय झालं ते बाईंना दिसलंच नाही. फक्त दिव्याचा झोत छतावर गेला, भिंतीवर आला आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

आत्या कट्ट्यावर अर्धवट बसल्या होत्या. उजवी नडगी मधेच भलत्या बाजूला वळली होती. चेहरा कागदासारखा पांढरा.

"घड्याळ बघा," त्या दात आवळून म्हणाल्या. "किती वाजलेत?"

"साडेअकरा."

बाहेर ठरलं होतं की पाचपर्यंत परत आल्या नाहीत तर शोधायला यायचं. पण येणार कोण? साहेब त्या फटीतून जाणार नव्हते. कामगार जाणार नव्हते. आत्यांना त्या फटीतून मागे ओढून नेणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं. आत्या आताच थडथड कापत होत्या. कपडे ओलेचिंब आणि अंगावर मांस नावालाच. एवढ्या गारठ्यात ही बाई पाच तास काढणार नाही, हे बाईंना कळलं. आत्यांनाही कळलं होतं, म्हणून त्या वेगळंच बोलायला लागल्या.

"तुम्ही मागे जा. भिंत धरून सावकाश. माझं मी बघते."

बाई पाण्यातच मटकन बसल्या. त्यांना फार वाटत होतं की मागे जावं. मागची वाट माहितीची होती, मोजलेली होती. शेवटी तिथे उजेड होता, नवरा संध्याकाळी थर्मास घेऊन येणार होता. कुणी त्यांना एका शब्दाने दोष दिला नसता.

बसल्या बसल्या त्यांचा हात सवयीने पाटीकडे गेला. शेवटची दिशा, शेवटचं अंतर. डोळ्यांसमोर नकाशा आला. अखंड रेघ जिथे संपत होती तिथून पुढे पेन्सिलीची एक फुली होती. कापडबाजारामागची गल्ली. अकरा वर्षांपूर्वीचं पत्र, निळ्या शाईत, अक्षर कोंबड्याच्या पायासारखं: 'माझ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाखाली एक मोठा चौकोनी दगड आहे. त्याच्याखालून पाण्याचा आवाज येतो. गिऱ्हाइकं घाबरतात.'

मोठा चौकोनी दगड. कुणी उगाच बसवणार नाही. तो झाकण असला तर? बोगदा खोदताना माती वर काढायला जागोजागी विहिरी पाडल्या असणार.

"आत्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या दातांवर दात आपटत होते, "पुढे सत्तर मीटरवर वर जायची वाट असेल."

"असेल?"

"असेल." मग त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं, "नसेलही."

आत्यांनी डोळे मिटले. "दिव्याकडे लक्ष ठेवा," एवढंच म्हणाल्या.

कमरेचा दोर सोडताना बाईंना वाटलं आपण आपलीच नाळ कापतोय. त्या पुढे निघाल्या. इथून पुढे कोणीही गेलेलं नव्हतं, निदान जिवंत आठवणीत तरी नाही. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्या पायाने तळ चाचपत होत्या. आत्यांचा दिवा मागे एका पिवळ्या ठिपक्याएवढा झाला आणि वळणावर तोही गेला. मग पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. काहीतरी पोटरीला घासून गेलं. मासा असेल, फडकं असेल, काहीही असेल. बाई जागच्या जागी गोठल्या. त्यांच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता आणि तो थांबवता येत नव्हता. त्या तशाच कण्हत पावलं मोजत राहिल्या. आपलं एक पाऊल अर्ध्या मीटरचं, पाण्यात त्याहून कमी. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस. वर पाहिलं तर सलग दगड. काही नाही.

एकशे साठ. काही नाही.

चुकलं असेल. एकोणीस वर्षांच्या फुल्या, एका रिकामटेकड्या बाईचा खेळ, आणि त्याच्यासाठी तिथे एक म्हातारी मरतेय. बाईंना आता मोठ्याने रडू आलं. रडत रडत त्यांनी आणखी दहा पावलं टाकली आणि त्यांच्या रडण्याचा आवाजच बदलला. तो वर जाऊ लागला, पोकळ होऊ लागला.

त्यांनी मान वर केली. दिव्याचा झोत एका चौकोनी विहिरीत चढत गेला. चार-साडेचार मीटर उंच आणि शेवटी सपाट दगड. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या होत्या, शेवाळलेल्या.

ही बाई घरात दिवा बदलायला स्टुलावर चढत नसे.

त्या चढल्या. पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, बोटं खोबणीत. एकदा पाय निसटला आणि ढोपर सोलपटून निघालं. खाली बघितलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी एका हाताने हेल्मेट काढलं आणि दगडावर आपटायला लागल्या. ठण. ठण. ठण.

वर लाँड्रीवाली चादरींना इस्त्री करत होती. पंचेचाळिशीची, किडकिडीत, जिभेला हाड नसलेली. अकरा वर्षं तिला त्या पाण्याच्या आवाजाची सवय झाली होती. पण दगडाखालून ठोकण्याचा आवाज आला तेव्हा तिचा हात जिथल्या तिथे थांबला आणि चादर जळायला लागली.

"कोण आहे?" तिची बोबडी वळली होती.

"ताई!" खालून आवाज आला. "पाणीखात्यातून आलेय!"

लाँड्रीवाली टेबलावर चढून बसली होती. "कुठून?"

"पाणीखातं! तुम्ही तक्रार केली होती ना? पाण्याचा आवाज येतो म्हणून? त्याबद्दल आलेय!"

मग लाँड्रीवालीच्या भीतीची जागा संतापाने घेतली. "अकरा वर्षं झाली त्याला!"

"हो ताई! दगड उचला! खाली एक बाई मरतेय!"

पुढचं सगळं भराभर झालं असं लोक सांगतात. बाईंना मात्र ते युगासारखं वाटलं. शेजारचा सुतार पहार घेऊन आला, समोरच्या गॅरेजमधले दोघे आले. दगड कोपऱ्यातून उचकटला आणि वीतभर फटीतून दिवसाचा उजेड बाईंच्या तोंडावर पडला. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. लाँड्रीवालीने बाईंच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, इस्त्रीच्या टेबलाला टेकवून बसवलं आणि गरम चहाचा कप हातात दिला. बाईंनी कप धरला. दोन घोट घेऊन तो खाली ठेवला.

"शिडी, स्ट्रेचर घेऊन यायला त्यांना पाऊण तास तरी लागेल," सुतार म्हणाला.

पाऊण तास. बाईंनी त्या भोकाकडे पाहिलं. आपण आता वर आहोत. इथे छत उंच आहे, खिडकी आहे, माणसं आहेत. काम झालंय. खाली आत्यांना हे काही माहीत नाही. त्या वळणामागे अंधारात बसल्या आहेत आणि त्यांना वाटत असणार, गेली ती गेली.

"ताई," बाई म्हणाल्या, "गरम चादरी द्याल का?"

लाँड्रीवालीने गिऱ्हाइकांच्या सहा चादरी आणि दोन ब्लँकेटं इस्त्री फिरवून कडकडीत गरम केली, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधली आणि एकही प्रश्न विचारला नाही. बाई पुन्हा खाली उतरल्या. पहिल्यांदा वर चढताना खाली काय आहे याचा विचार करायला सवड नव्हती. आता सगळं माहीत होतं. पिशव्या डोक्यावर धरून त्या कमरभर पाण्यातून परत गेल्या आणि सगळा वेळ स्वतःशीच म्हणत होत्या, "नको, नको, नको."

आत्यांचा दिवा अजून पेटलेला होता. त्या बोलत नव्हत्या. बाईंनी त्यांचा ओला कोट काढला, त्यांना चादरींत गुंडाळलं आणि स्वतः मागे बसून छातीशी धरलं.

"होती का वाट?" बऱ्याच वेळाने आत्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"होती."

"कितीवर?"

"सत्तर धरले होते. ऐंशी निघाले."

"दहाची चूक," आत्या पुटपुटल्या. "चालेल."

दलाची माणसं आली तेव्हा दोघी एकमेकींना घट्ट धरून होत्या, आणि कोण कुणाला धीर देत होतं हे सांगणं अवघड होतं.

आत्या वाचल्या. पाय मात्र दोन बोटं आखूड झाला आणि त्या पुन्हा कधी जमिनीखाली गेल्या नाहीत. संध्याकाळी नवरा इस्पितळात आला तो दुकानातला अर्धा माल घेऊन: पट्ट्या, मलमं, कसलीकसली पातळ औषधं. बाईंच्या ढोपराला पट्टी बांधताना त्याचेच हात इतके कापायला लागले की शेवटी नर्सने त्याला बाजूला केलं. सासूबाईंना ही हकिगत तीनदा ओरडून सांगावी लागली. तिसऱ्यांदा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या जाऊ नकोस हो."

उद्या नाही, पण दीड महिन्याने बाई पुन्हा गेल्या. साहेबांनी सांगितलं नव्हतं. उलट साहेबांनी काम बंद करून टाकलं होतं. बाई चार मजले चढून त्यांच्या खोलीत गेल्या, दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की गळती अजून सापडलेली नाही, नकाशा अर्धा आहे, आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी माणूस बघितलंय. तो माणूस म्हणजे लाँड्रीवाली. तिने स्वतःच येऊन विचारलं होतं, "अकरा वर्षं माझ्या पायाखाली काय होतं ते मला बघायचंय. आणि मी तुमच्याहून बारीक आहे."

पुढच्या चार वर्षांत त्या दोघी अकरा वेळा आत गेल्या. सातव्या खेपेला गळती सापडली. एका बाजूची भिंत खचून पाणी वाळूत जात होतं. ती बुजवल्यावर हौद पुन्हा भरला. वर्तमानपत्रात छापून आलं की पाणीखात्याच्या पथकाने ही कामगिरी केली, आणि फोटो साहेबांचा होता. साहेबांनाच त्याची लाज वाटली. त्यांनी नव्या नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे एरवी इंजिनियरची सही असते तिथे, दोघींची नावं घालायला लावली. ती अक्षरं बाईंनाच काढावी लागली आणि त्या एकाच जागी त्यांच्या हातून शाई सांडली.

भीती गेली का, असं त्यांना पुष्कळ जण विचारायचे. नाही गेली. प्रत्येक खेपेच्या सकाळी त्या ओकायच्या. लाँड्रीवाली बादली धरून उभी राहायची आणि म्हणायची, "झालं? चला."

अकराव्या खेपेला त्या टेकडीच्या टोकाला पोचल्या. दोन हजार तीनशे चाळीस मीटर. झऱ्याच्या तोंडाशी जुने लोखंडी गज होते, गंजून जाड झालेले, दगडात रुतलेले. पलीकडे ऊन होतं, गवत होतं, आणि एक शेळी मान वाकडी करून ह्या दोघींकडे बघत होती. गज हलवून पाहिले. हलले नाहीत. बाहेर पडायला वाट नव्हती.

लाँड्रीवालीने गजांतून हात बाहेर काढला आणि उन्हात बोटं पसरली. बाईंनीही काढला. दोघींनी डबा उघडून तिथेच बसून खाल्लं. शेळीला थोडं दिलं.

"आता?" लाँड्रीवाली म्हणाली.

"आता तेवढंच मागे," बाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचा आकडा पाटीवर लिहिला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला आणि पाण्यात उतरल्या.